तिसऱ्या पात्यामागच्या नऊ बिया

अकरा वर्षांपूर्वी आमच्या दुकानात एक पत्र आले. त्याला उत्तर द्यायला एक शब्द पुरला असता. आमच्या मास्तरांनी तो लिहिला नाही. पत्र टेबलाच्या खणात गेले, चाळणीच्या फाटक्या जाळ्यांखाली. तो खण माझ्यापासून हातभर अंतरावर आहे, त्यामुळे मला ते पत्र कधी विसरता आले नाही.

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे. वाजवायचा नव्हे, भाजायचा. मी आडवा असतो, खाली कोळशाची शेगडी असते, बाजूला हातदांडा असतो. कोणी दांडा फिरवला की पोटातले धान्य घेऊन मी गोल गोल फिरतो. माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे की नाही, याची मला खात्री नाही. शेजारच्या मोठ्या ढोलाने सांगितली असती तर अधिक रंगली असती. पण ती घडली माझ्या पोटात. आणि जे झाले त्याची सुरुवातही माझ्यापासूनच झाली, असे मला इतकी वर्षे वाटत आले आहे. म्हणून सांगतो.

मला एका पत्रेवाल्याने घडवले. धान्य एका जागी बसून करपू नये म्हणून त्याने माझ्या आत तीन वाकडी पाती बसवली. पहिली दोन त्याने मन लावून ठोकली. तिसऱ्याच्या वेळी जेवायची वेळ झाली होती आणि भूक माणसाला घाई करायला लावते. पाते आणि पत्रा यांच्यामध्ये नखाएवढी फट राहिली. त्याने बोट घालून पाहिले.

“चालतंय की,” तो स्वतःशीच म्हणाला. “आत कोण डोकावणार आहे?”

तेव्हा मला त्याचे बोलणे पटले होते. मीही माझ्यात फारसा डोकावत नसे.

दुकान कॉफीचे होते. मोठा ढोल कॉफी भाजायचा. मालकांना सगळे मास्तर म्हणत, पण त्यांनी कधी कुणाला शिकवले नव्हते. सतत हातात पुस्तक असायचे म्हणून ते नाव पडले. डाव्या हाताने दांडा आणि उजव्या हातात कादंबरी, असे ते तासन् तास उभे राहत. वाचनालयातल्या बाई परत आलेल्या पुस्तकाचा वास घेऊन सांगत, “हे मास्तरांकडे होतं.” माणसांशी बोलताना त्यांची जीभ अडखळायची. माझ्याशी मात्र ते बोलत. मी उलट बोलत नाही, हा माझा एकमेव गुण.

त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे बाई म्हणत असू. बाईंना कॉफी सोसत नसे. अर्धा कप पोटात गेला तरी छातीत धडधड सुरू व्हायची आणि दिवसभर थांबायची नाही. कॉफीवाल्याच्या बायकोने गरम पाणी पीत बसावे, याची गिऱ्हाइके चेष्टा करत. मग बाईंनी स्वतःसाठी धान्य भाजून पाहायला सुरुवात केली. गव्हाची पूड गुळमट झाली. हरभऱ्याची पूड प्यायल्यावर मास्तर नुसतेच म्हणाले, “पोषक आहे.” शेवटी जव जमले. भाजलेले जव, त्यात चिकोरीचे चिमूटभर भाजके मूळ. रंग कॉफीचा, कडवटपणा सौम्य, आणि छाती शांत. तेवढ्यासाठी मला घडवून आणले होते. बाईंनी माझ्या पोटावर पांढऱ्या रंगाने स्वतः लिहिले, ‘फक्त जव’. पुड्यांसाठी एक शिक्काही करून घेतला, ‘यात कॉफी नाही’.

माझे काम सांगतो. जव पोटात पडले की आधी ओल्या गवताचा वास येतो. मग पावाच्या कडेचा. मग साखर जळू पाहते आहे असा. तो शेवटचा वास आला की वीस अंक मोजायचे आणि सगळे जाळीवर ओतायचे. पंधरावर ओतले तर पेज लागते, पंचविसावर ओतले तर कोळसा. मास्तरांचे मोजणे पुस्तकात वाहून जायचे, म्हणून बाई पुढच्या काउंटरवरून मोजत आणि ओरडत, “अठरा झाले हो. ठेवा ते पुस्तक.” आठवड्यातून एकदा मला साफ करत. पोटात नुसता कोंडा घालून फिरवायचा, म्हणजे तो तेल आणि वास शोषून घेतो. मग तो फेकून द्यायचा. अशा तीन फेऱ्या. बाईंचा नियम होता, दोन नव्हे, तीन.

आमच्या पुडीचे एक गिऱ्हाईक दुसऱ्या गावी होते. घड्याळे दुरुस्त करणारे एक काका. त्यांची पुडी महिन्याच्या महिन्याला टपालाने जायची. एकदा ते स्वतःच आले.

“मास्तर, एक मिनिट टेबल देता का?”

त्यांनी खिशातून बायकांचे एक इवलेसे घड्याळ काढले, मागचे झाकण उघडले, आणि तिळाहून लहान एक स्क्रू चिमट्यात धरून जागेवर बसवला. हात जराही हलला नाही. मग ते लहान मुलासारखे हसले.

“तीन महिन्यांपूर्वी हाच स्क्रू मी जमिनीवर रांगत शोधत होतो. आमची ही म्हणायची, तुम्ही घड्याळं दुरुस्त करता की वेचता? डॉक्टर म्हणाले, कॉफी सोडा, हाताची थरथर थांबेल. सोडली. आता तुमची पूड पितो, दिवसाला सहा कप.”

“सहा?” बाई म्हणाल्या. “अहो, मी करते आणि मीसुद्धा सहा पीत नाही.”

“सवय कपाची असते बाई, कॉफीची नसते.”

जाण्याआधी त्यांनी आमचे बंद पडलेले भिंतीवरचे घड्याळ काढले, फुंकरी मारून साफ केले आणि चालू करून दिले. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. कुणाचे तरी थरथरते हात मी थांबवले होते. मित्रांनो, त्या अभिमानाची आठवण आली की आजही माझा पत्रा तापतो, खाली शेगडी नसली तरी.

पुढे बाई आठ दिवस धाकट्या बहिणीकडे गेल्या, आणि नेमका तेव्हाच मोठ्या ढोलाचा आस मोडला. एका कारखान्याच्या कँटीनला दोन दिवसांत कॉफी द्यायची होती. मास्तर माझ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. माझ्या पोटावरची अक्षरे त्यांनी वाचली, जणू नवीनच होती.

“एकदाच,” ते मला म्हणाले. आणि खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी त्या अक्षरांवर टाकला.

दोन दिवस मी कॉफी भाजली. खरे सांगायचे तर मला ते आवडले. जव भाजताना रस्त्यातले कोणी थांबत नाही. कॉफी तडतडू लागली की जाणारा माणूस मान वळवतो. त्या आनंदात तिसऱ्या पात्यामागच्या फटीत नऊ बिया घसरल्या. मला समजले होते. मी त्या बाहेर टाकू शकलो असतो का? बहुधा नाही. पण टाकाव्यात असे मला वाटलेही नाही, हे मी लपवून काय उपयोग?

तिसऱ्या दिवशी बाई यायच्या होत्या. मास्तरांनी कोंड्याची एक फेरी फिरवली. अजून दोन फिरवायला हव्या होत्या, पण कादंबरीची चाळीस पाने उरली होती आणि त्यातली नायिका जहाजावर एकटी सापडली होती. त्यांनी पंचा उचलला आणि माझ्यात जव ओतले.

त्या खेपेच्या पुडीला वेगळाच वास आला. बेकरीवाली मावशी दुसऱ्याच दिवशी आली.

“मास्तर, या खेपेला हात बसला तुमचा. अगदी कॉफीच वाटते.”

मास्तरांचे कान लाल झाले. त्यांच्या वाट्याला कौतुक फार कमी आले होते, आणि माझ्याही. महिन्याभरात तो वास विरला. त्या बिया फटीतच अडकून कोळसा झाल्या होत्या. मावशी म्हणाली, “मागच्या खेपेची काही औरच होती हो.” त्यानंतर एका सकाळी मास्तरांनी मोठ्या ढोलातून कॉफीच्या बियांची एक मूठ घेतली, पुढच्या दाराकडे पाहिले, आणि ती मूठ जवात सोडली.

पुडी खपू लागली. बाई दिवसभर काउंटरवर पुड्या बांधत आणि शिक्के मारत, ‘यात कॉफी नाही’. दुकानात कॉफीचा वास नेहमीचाच, त्यामुळे त्यांना वेगळे काही जाणवायचे कारण नव्हते. आणि त्यांना धडधडही झाली नाही. कारण त्यांच्या स्वतःच्या पिण्याच्या डब्यातले जव मास्तर आधी, वेगळे भाजून काढत. मूठ त्यानंतर पडायची. मला सर्वांत जड जाते ते हेच. एक मूठ म्हणजे काहीच नाही, असे मास्तर मला सांगत असत. मग तो डबा आधी का भाजायचा, हे त्यांनी मला कधी सांगितले नाही आणि मी विचारू शकत नव्हतो.

असे चौदा महिने गेले आणि ते पत्र आले. मास्तर ओठ हलवत वाचतात, म्हणून मला ते पाठ आहे.

‘मास्तर, नमस्कार. हाताला पुन्हा कंप सुटला आहे. पूड तुमचीच पितो आहे, कारण तुमच्या शिक्क्यावर माझा विश्वास आहे. तरी विचारतो, राग मानू नका. पुडीत कॉफी असते का? हो की नाही, एवढेच कळवा. हो असेल तर पूड सोडीन. नाही असेल तर दोष माझ्या हातांचा. मग दुकान बंद केलेले बरे. लोकांच्या घड्याळांशी खेळ नको.’

त्या दिवसापासून मास्तरांनी मूठ टाकणे थांबवले. पुढची पुडी स्वच्छ जाईल, काकांचा हात आपोआप थांबेल, मग लिहायची गरजच काय, असा त्यांनी हिशोब केला. तरी संध्याकाळी ते लिहायला बसलेच. पहिल्या मसुद्यात मोडलेल्या आसाचा इतिहास आला. दुसरा छान जमला, पण त्यात ‘हो’ हा शब्द कुठे सापडेना. तिसऱ्यात माफी इतकी नक्षीदार झाली की ती मागतो कोण आणि कशाची, हे कळेना. सगळे मसुदे माझ्याखालच्या शेगडीत गेले. त्या आगीवर मी जव भाजले आहेत.

एकोणिसाव्या दिवशी, पुढची पुडी टपालात पडायच्या आत, कार्ड आले.

‘उत्तर आले नाही, म्हणजे नाही असे धरतो. तसे विचारल्याने तुम्ही दुखावला असाल, क्षमा असावी. दुकान या महिन्यात बंद करतो आहे. हात जायचेच असतील तर कॉफी सोडून काय मिळवले? आता पोटभर खरी कॉफी पितो. पुडी पाठवू नका. बाईंना नमस्कार.’

मास्तरांनी ते कार्ड चार वेळा वाचले. क्षमा त्यांनी मागायची होती आणि मागितली काकांनी. त्यांनी कार्ड पत्राबरोबर खणात ठेवले. बाईंनी काकांच्या पुडीचे विचारले, तेव्हा ते म्हणाले, काकांनी पुडी बंद केली. ते खोटे नव्हते. पण दुकान बंद केले, हे त्यांनी गिळले. आता कळवून काय होणार, असे त्यांना पहिल्या वर्षी वाटले. दुसऱ्या वर्षी वाटले, इतक्या उशिरा कसे लिहायचे? पुढच्या प्रत्येक वर्षी तो उशीर थोडा मोठा झाला.

माझे दिवस तेव्हापासून फिरले. मूठ नाही म्हणून वास नाही, वास नाही म्हणून गिऱ्हाईक नाही. बेकरीवाल्या मावशीने तोंडावर सांगितले, “मास्तर, तुमचा हात गेला हो.” मास्तर कसनुसे हसले. बाईंचा डबा आणि पाच-सात पुड्या, एवढ्यासाठी महिन्यातून एकदा मी फिरू लागलो. बाकीचे दिवस माझ्या पाठीवर रिकामी पोती. हातदांड्याला गंज चढला. आणि अक्षरांवर मास्तरांचा पंचा कायमचा आला. त्यांना तो काढवत नसावा.

यंदा भिंतीवरचे घड्याळ बंद पडले. सकाळची दहाची वेळ होती. दुकानात गिऱ्हाईक नव्हते.

“त्या घड्याळाच्या काकांनाच पाठवू या,” बाई म्हणाल्या. “त्यांच्याइतकं कुणाला जमणार?”

“त्यांनी दुकान बंद केलं,” मास्तरांच्या तोंडून निघून गेले.

“कधी?”

“झाली बरीच वर्षं.”

“तुम्हाला कोण म्हणालं?”

मास्तरांनी पुस्तकात मान घातली. पुस्तक उलटे होते. बाईंनी ते पाहिले आणि काकांचा पत्ता शोधायला खण उघडला. चाळणीच्या जाळ्या बाजूला झाल्या. पत्र त्यांनी उभ्याने वाचले, कार्डही वाचले.

“मग काय उत्तर दिलंत?”

“लिहितोय.”

“अकरा वर्षं?”

“सुरुवात जमत नाही, अगं.”

“हो की नाही, एवढंच तर विचारलंय त्यांनी.” बाई त्यांच्याकडे वळल्या. “होती का कॉफी?”

घड्याळ बंद होते, त्यामुळे दुकानात अगदी शांत होते.

“हो,” मास्तर म्हणाले. मग मोडलेल्या आसापासून सगळे त्यांनी तुटक तुटक सांगितले.

बाई पोत्यावर बसल्या. त्यांनी विचारले, “मग मला कसं काही झालं नाही?”

“तुझा डबा आधी भाजायचो.”

“म्हणजे कळत होतं तुम्हाला.”

मास्तरांनी उलटे पुस्तक मिटून बाजूला ठेवले.

“शिक्के मी मारत होते,” बाई म्हणाल्या. “चौदा महिने. या हातांनी.” त्या रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. त्यांनी फक्त तळवा पदराला पुसला, शाई अजून तिथे असावी तसा.

मग त्या उठल्या. माझ्या पाठीवरची पोती त्यांनी खाली काढली, पंचा ओढला, झाकण उघडले आणि टॉर्च लावून आत पाहिले. मित्रांनो, माझ्या आत कोणी डोकावण्याची ती पहिलीच वेळ. मला लपायला जागा नव्हती. त्यांनी विणायची सुई तिसऱ्या पात्यामागे घातली आणि एकेक करून नऊ काळे खडे टेबलावर काढले.

“इथून सुरू झालं वाटतं,” त्या म्हणाल्या.

“नाही,” मास्तर म्हणाले. “ढोलाला काय कळतंय? मूठ माझी होती.”

अकरा वर्षे मी ज्याची वाट पाहत होतो, ते वाक्य हेच असावे. पण ते ऐकून मला हलके वाटले नाही. फट माझ्यात होती आणि मूठ त्यांची होती. एकाने कबूल केले म्हणून दुसऱ्याचे कमी होते की नाही, हे मला ठरवता येत नाही.

बाईंनी दौत पुढे ठेवली. मास्तरांनी दोन पाने भरली. बाईंनी ती वाचून परत दिली.

“यात जिकडेतिकडे तुम्हीच आहात. त्यांनी त्यांच्या हातांबद्दल विचारलं होतं.”

मास्तरांनी पाने शेगडीत टाकली नाहीत. घडी करून खिशात ठेवली आणि एक कार्ड घेतले. लिहिताना त्यांचे ओठ हलत होते.

‘हो, कॉफी होती. चौदा महिने रोज एक मूठ, मी जाणूनबुजून टाकत होतो. दोष तुमच्या हातांचा नव्हता. कॉफी सोडली तर ते अजूनही थांबतील, असे मला वाटते. हे मी तेव्हाच कळवायला हवे होते. तुमचा विश्वास मी मोडला.’

खाली सही केली. बाईंनी कार्ड घेतले आणि सहीखाली आपलेही नाव लिहिले.

“तू कशाला?” मास्तर म्हणाले.

“शिक्का माझा होता.”

“ते तिथे असतील का गं अजून?”

“नसले तर कार्ड परत येईल. म्हणजे आपल्याला कळेल तरी.”

मित्रांनो, मी तुम्हाला काय सांगणार? मी एक साधा भाजायचा ढोल. पण तुमच्या घरात फिरणारे, दळणारे, भाजणारे जे काही असेल, ते वरून पुसून ठेवू नका. आतून पुसा. जिथे बोट पोचत नाही तिथे सुई घाला. आणि ज्याला एका शब्दाचे उत्तर हवे आहे, त्याला तो शब्द लवकर द्या. चांगल्या सुरुवातीची वाट पाहत बसू नका. ती येत नाही. मी अकरा वर्षे पाहिले आहे.

माझ्या जागेवरून दुकानाचे दार दिसते, आणि दारातून रस्त्यापलीकडची टपालपेटी. मास्तर रस्ता ओलांडून गेले. त्यांनी कार्ड पुन्हा वाचले. मग हात पेटीच्या तोंडात घातला आणि तसेच उभे राहिले, अर्धा हात आत, जणू पेटीनेच तो धरून ठेवला होता. एक सायकलवाला त्यांच्याकडे बघत गेला. मास्तर हलले नाहीत.

बाई दारात उभ्या होत्या. त्या हलक्या आवाजात काहीतरी पुटपुटत होत्या. आधी मला कळले नाही. मग कळले. त्या मोजत होत्या.

“वीस झाले हो,” त्यांनी हाक मारली. “सोडा आता.”

मास्तरांनी सोडले. पेटीचे झाकण वाजले, ते मला इथपर्यंत ऐकू आले.